मधमाशी-मानवांचं शहर रचतोय: राणीच्या हाती सत्ता द्यावी का?

फासेकरी
आमच्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या (टेबलाभोवती बसून, फासे टाकून, आपापलं पात्र वठवत खेळायचा गोष्टीचा खेळ) मोहिमेत पुढच्या महिन्यात मधमाशी-मानवांचं शहर येतंय. डीएम, म्हणजे गोष्ट रचणारा आणि खेळ चालवणारा, मी आहे, म्हणून तिथला समाज मलाच रचायचाय. गटातल्या दोघांनी धरूनच चाललंय की वर एक राणी आणि खाली तिच्या हुकमावर मरणारी प्रजा. मला हे मुळातच पटत नाही. राणीमाशी अंडी घालते, तिच्या गंधामुळे ती आहे हे पोळ्याला कळत राहतं. पण नवं घर कुठे करायचं, हे ती ठरवत नाही.

थवा फुटून फांदीला लटकला की काही शे शोधक माश्या जागा बघायला निघतात, आणि परत येऊन नाचातून त्या जागेचा पत्ता सांगतात. १९४९ साली म्युनिकमध्ये मधमाश्यांचे अभ्यासक मार्टिन लिंडाउअर यांना अशा थव्यावर नाचणाऱ्या माश्या मळलेल्या दिसल्या. कुणी काजळीनं काळी, कुणी विटांच्या धुळीनं लाल. अंगावर परागकण नाहीत, म्हणजे फुलांवरून आलेल्या नव्हत्या. युद्धात पडलेल्या शहरातल्या धुराड्यांमधून, भेगांमधून त्या घरं बघून आल्या होत्या. मला तर माझं अख्खं शहर त्या काजळीतच दिसलं.

पुढे टॉमस सीली या जीवशास्त्रज्ञाच्या कामातून बाकीचं कळलं. जागा जितकी चांगली तितका नाच लांब, पण तीच माशी पुन्हा पुन्हा जाऊन आली की तिचा नाच दर खेपेला आखडत जातो, जागा कितीही उत्तम असली तरी. दुसऱ्या जागेसाठी नाचणारीला डोक्यानं ढुशी देऊन थांबवतात. एखाद्या जागेवर एका वेळी २०-३० शोधक जमल्या की निर्णय झाला.

माझी सभा अशीच चालेल. प्रत्येक शोधकाला आपली जागा मांडायला नाचाची दहा आवर्तनं. पुन्हा बोलायचं तर आधी जागा पुन्हा बघून यायचं, आणि दर वेळी दोन आवर्तनं कमी. नुसत्या हट्टावर कुणी जिंकणार नाही.

तलवारबाज_सातारा
वाचायला छान आहे, खेळायला नाही. टेबलाभोवती पाच जण बसतात ते आपापलं पात्र जगायला. तुमच्या सभेत पात्राचं मत विरघळणारच आहे, तर मी ते मत घेऊन बसू कशाला? राणी असली की बंड करता येतं, तिची मर्जी मिळवता येते, तिचा खून होतो. नाट्याला एक चेहरा लागतो. शिवाय हे मधमाशी-*मानव* आहेत. माणूस म्हटला की सत्ता आलीच. जीवशास्त्राचं इतकं ओझं कल्पनेवर का टाकायचं?

सातेरीवाली
मी महाबळेश्वरच्या बाजूला सातेरीच्या, म्हणजे आपल्याकडच्या पाळीव मधमाशीच्या, पेट्या सांभाळते, म्हणून लिहितेय. थवा निघायच्या आधी काय होतं माहितीये? कामकरी माश्या राणीचं खाणं तोडतात. ती बारीक झाली पाहिजे, नाहीतर तिला उडता येत नाही. तिला धरून हलवतात, स्वस्थ बसू देत नाहीत. अंडी कमी पडायला लागली तर तिच्याच लेकींपैकी एका अळीला रॉयल जेलीवर (कामकरी माश्या स्वतःच्या अंगात तयार करतात ते पौष्टिक खाणं) वाढवून नवी राणी करतात. तलवारबाज, तुम्हाला चेहरा हवाय ना? हा घ्या. जिच्यावाचून कुणाचं चालत नाही, पण जिला कुणी विचारत नाही, अशी बाई.

आणि कामांची वाटणी जातीवर नका ठेवू, वयावर ठेवा. कोवळी माशी आधी घरं साफ करते, मग पिल्लं सांभाळते, मेण घडवते, दारावर पहारा देते. बाहेरचं धोक्याचं काम सगळ्यात शेवटी, म्हातारपणी. अशा शहरात लढाईला आज्या जातात.

तलवारबाज_सातारा
आज्यांची फौज मान्य, बिनशर्त. पण माझा मुद्दा तसाच आहे. सगळे शेवटी एकमतानं वागणार असतील तर खलनायक कोण?

फासेकरी
केपची माशी. दक्षिण आफ्रिकेच्या त्या टोकाला मधमाश्यांची एक जात आहे. तिच्या कामकरी माश्या नराशिवाय अंडी घालतात आणि त्यातून माद्याच निपजतात. १९९० साली मधपाळांनी त्यांच्या वसाहती उत्तरेला नेल्या. तिथे त्या दुसऱ्या जातीच्या पोळ्यांत शिरल्या. काम करत नाहीत, नुसती अंडी घालतात, आणि यजमान पोळं हळूहळू बसतं. त्यांतली एकच वंशावळ सगळीकडे पसरली, एकाच माशीच्या जणू हजारो प्रती. माझ्या शहरात शत्रू वेशीवर नसेल, पाळणाघरात असेल. वास घरचा, चेहरा घरचा. त्याला शोधायचं तर प्रत्येकाला स्वतःचं डोकं चालवावं लागेल, सभा तिथे पुरी पडणार नाही.

तलवारबाज_सातारा
हे मात्र नाट्य आहे. तरीही सभेचे नियम मला जड वाटतात. एका बैठकीत एकदाच वापरा, दरवेळी नको. आणि मला नर खेळायचाय.

सातेरीवाली
नर घेताय तर नीट विचार करून घ्या. नराला बाप नसतो, तो फलन न झालेल्या अंड्यातून येतो. आजोबा, म्हणजे आईचे वडील, मात्र असतात. आणि आमच्याकडे पावसाळ्यात फुलोरा संपून टंचाई आली की कामकरी माश्या नरांना दाराबाहेर ओढून काढतात, परत आत घेत नाहीत.

तलवारबाज_सातारा
फासेकरी, तुमच्या शहरात आत्ता कुठला ऋतू आहे?

फासेकरी
जांभळं फुलून गेलीत. पाऊस पहिल्या बैठकीनंतर.

तलवारबाज_सातारा
मग माझा नर आजोबांच्या पोळ्याचा पत्ता शोधत निघालेला असू दे. दाराबाहेर काढण्याआधी.