अचूक कॉपी करणारा व्हायरस कमजोर का?

कोथरूडकर: एमएस्सी मायक्रोची परीक्षा तोंडावर आलीय न एक गोष्ट डोक्यातच शिरत नाहीये, पोलिओ व्हायरसचा जी64एस म्युटंट (एक बदल झालेला प्रकार) स्वतःच्या जीनोमची, म्हणजे जनुकीय माहितीची, कॉपी जास्त अचूक करतो मग उंदरांत सौम्य कसा? तगडा हवा ना?

पाषाणची_पोर: अरे एकटा व्हायरस नको बघू, अख्खी टोळी बघ. चुकांमुळेच व्हरायटी येते. 2006 मध्ये याच म्युटंटची व्हरायटी केमिकलने वाढवली तर परत मेंदूपर्यंत पोचला की!

रात्रपाळी: व्हरायटीचं कौतुक जरा जास्तच होतं बुवा. त्या म्युटंटचा पॉलिमरेज, म्हणजे कॉपी करणारं एन्झाइम, स्लो पण आहे, फिटनेस (वाढायची ताकद) तिथेही जातो. आणि चुका फार झाल्या तरी खेळ खल्लास, रिबाविरिन हे औषध चुका वाढवून पोलिओला तसंच मारतं. कोरोनाचा जीनोम जवळपास 30,000 बेसचा (अक्षरांचा) एवढा लांब, म्हणून तर चुका दुरुस्त करणारा प्रूफरीडिंगवाला एक्झोएन एन्झाइम लागतो.

कोथरूडकर: हां, स्पीडचं सरांनी सांगितलंच नव्हतं