कारागिरांचे हात खरोखरच तोडले होते का?

फोंड्याहून:
काल येथे एका सभासदाने लिहिले की, 'शहाजहानने ताजच्या कारागिरांचे हात तोडले, रशियाच्या झार इव्हानने मॉस्कोच्या सेंट बेसिल चर्चच्या वास्तुकाराचे डोळे काढले, पिरॅमिड तर गुलामांनीच बांधले. प्रत्येक भव्य वास्तूखाली हेच गाडलेले असते.' बावीस वर्षे इतिहास शिकवताना हीच वाक्ये उत्तरपत्रिकांत वाचून मी त्रासले आहे, म्हणून सविस्तर लिहिते. ताजचे काम १६३२ च्या सुमारास सुरू झाले. त्याच्या रचनेशी ज्यांचे नाव जोडले जाते, ते उस्ताद अहमद लाहोरी १६३९ मध्ये सुरू झालेल्या दिल्लीच्या लाल किल्ल्याच्या कामावरही होते. ताजवरील सुलेखन करणाऱ्या अमानत खानाने समाधीच्या आत स्वतःचे नाव कोरले आहे आणि तेथील दगडांवर पाथरवटांच्या खुणा आजही दिसतात. इजिप्तमध्ये गिझा येथे १९९० मध्ये कामगारांच्या कबरी सापडल्या, त्याही पिरॅमिडांच्या शेजारी. गुलामांना असा मान कोणी दिला असता? या दंतकथा कारागिराची बाजू घेतात असे वाटते, पण त्यांत बोलतो तो राजाच, आणि कारागिराला नाव नाही, पुढचे आयुष्यही नाही.

डिचोलीहून:
ताई, आपले पुरावे मी नाकारत नाही, परंतु निष्कर्ष मान्य नाही. कोणार्कच्या सूर्यमंदिराची कथा घ्या. राजाच्या शिक्षेपासून बाराशे शिल्पींचे प्राण वाचावेत म्हणून बारा वर्षांच्या धर्मपदाने कळस बसवून समुद्रात उडी घेतली, असे ओडिशात सांगतात. तेथे राजा नरसिंहदेवापेक्षा लोकांच्या ओठांवर त्या मुलाचेच नाव अधिक आहे. मग कथेत कारागिराला नाव नसते, हे विधान कसे टिकेल? आणि त्याच गिझाच्या कबरींतील सांगाड्यांचे मणके ओझ्याने झिजलेले आहेत, हे आपण का लिहिले नाही?

माझे वडील चिरेखाणीवर जांभ्या दगडाचे चिरे काढत. साठीत त्यांच्या बोटांना पेज खाण्यासाठी चमचा धरवत नसे. ज्या बंगल्यांसाठी त्यांनी चिरे काढले, त्यांच्या फाटकांवर मालकांची नावे आहेत. एका कंत्राटदाराने शेवटच्या हंगामाची मजुरीही बुडवली. हात तोडायला तलवारच लागते असे नाही. लोकांनी हेच कथेत सांगितले आहे.

मडगावहून:
आग्रा आणि मॉस्को दूर आहेत. जुन्या गोव्यातील बॉम जेझू चर्चकडे पाहा, तेथे आज डोळ्यांदेखत हानी होत आहे. १६०५ मध्ये पवित्र झालेल्या या वास्तूचा चुन्याचा गिलावा १९५० च्या दशकात काढला गेला आणि तेव्हापासून उघडा चिरा दर पावसाळ्यात झिजतो आहे. गिलावा पुन्हा चढवलाच पाहिजे.

डिचोलीहून:
तेथे चिऱ्याचा तो तांबडा रंग पाहूनच मला वडील आठवतात. चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, वाऱ्या-उन्हात कठीण होतो, हे आमच्या घरात मुलालाही ठाऊक आहे. गिलाव्याने मजुरांचे काम पुन्हा झाकायचे का?

मडगावहून:
भाई, ही भावना झाली, बांधकाम नव्हे. उन्हात कठीण झालेला चिराही चार महिन्यांच्या पावसात पाणी पितो आणि त्याचे मऊ भाग झडतात. ज्या गवंड्यांनी ती भिंत उभारली, त्यांनीच तिला गिलावा दिला होता. तो काढून आपण त्यांचे अर्धे काम पुसले. दर्शनी भागातील वसईहून आणलेला काळा दगड उघडा ठेवण्यासाठीच घडवला होता, चिरा नव्हे. केवळ डोळ्यांना बरे वाटते म्हणून भिंत झिजू देणे हा अन्याय आहे.

डिचोलीहून:
अन्याय हा शब्द मला शिकवू नका. मी तो घरात पाहिला आहे.

फोंड्याहून:
दोघांनीही शब्द जपून वापरावेत. धर्मपदाचे उदाहरण मला मान्य करावे लागते, जरी ते माझ्या मनाविरुद्ध आहे; माझे विधान सरसकट होते. मणक्यांबद्दलही मी लिहायला हवे होते. तरीही शहाजहानने न दिलेली आज्ञा त्याच्या नावावर घालून आपल्या वडिलांना न्याय मिळत नाही. नार्व्याला सप्तकोटेश्वर मंदिराच्या दारावरील १६६८ च्या लेखात शिवाजी महाराजांचे नाव आहे, ते योग्यच आहे. पण ते दगड रचणाऱ्यांची नावे आपण कधी शोधली का? वडिलांच्या बोटांबद्दल आपण लिहिलेत, तो खरा इतिहास आहे आणि त्याला दंतकथेचा आधार लागत नाही. कोणत्या खाणी, कोणती वर्षे, रोजाला किती चिरे, हे सर्व लिहून ठेवा. मी ते वर्गात वाचून दाखवीन.

डिचोलीहून:
लिहीन. आईला विचारून वर्षे नक्की करतो. ताजबद्दल आपले म्हणणे मानतो. गिलाव्याबद्दल मडगावच्या भाईंचे अजून मानलेले नाही. या पावसाळ्यात स्वतः जाऊन भिंतीला हात लावून पाहीन, मग बोलेन.