बेल्टआधी फ्रेम बघा

सायकलला चेनऐवजी दातेरी पट्टा म्हणजे बेल्ट लावायचा विचार असेल, तर ‘बेल्ट लावला की चेनची कटकट कायमची संपते’ असं म्हणतात ते बरंचसं खरं आहे, पण आधी तुमची फ्रेम बघा. बेल्ट चेनसारखा तोडून जोडता येत नाही. फ्रेमच्या मागच्या त्रिकोणात तो घालायला फ्रेम एका जागी उघडणारी लागते. जुन्या सायकलीचं घोडं बहुतेक वेळा इथेच अडतं.

बेल्टसोबत गिअर मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे मधल्या तुंब्याच्या आत असलेले लागतात. अशा हबचं म्हणाल तर रोलॉफ कंपनीच्या हबचे 14 गिअर, पल्ला 526 टक्के, म्हणजे सगळ्यात जड गिअर सगळ्यात हलक्याच्या 5.26 पट. शिमानो अल्फिन 11 चा 409. सामान लादून आंबा घाट चढताना हा फरक मांड्यांना कळतो. शिवाय उभ्या सायकलवरही गिअर बदलतो. चढाच्या वळणावर एसटी समोर आली, थांबावं लागलं, तरी हलका गिअर टाकून पुन्हा निघता येतं. हे सुख मला सगळ्यात मोठं वाटतं. हबमधलं तेल मात्र दर 5000 किमीला बदला.

मी स्वतः कोकणासाठी रोलॉफ घेतला आणि चेनच ठेवली. दाभोळच्या फेरीबोटीतून उतरल्यावर लाल चिखलाने माखलेली चेन पुसावी लागते, पण तुटली तर जोडता येते. बेल्टच घेणार असाल तर एक जास्तीचा जवळ ठेवा, आणि बॅगेत कोंबताना मुडपू नका. आतले कार्बनचे धागे तुटतात, वरून काही दिसत नाही.