हॅस्केल: यादीतले अटीत बसणारे घटक मोजायचे कसे?

प्रश्न:
हॅस्केल या प्रोग्रॅमिंग भाषेत यादीत सम संख्या किती, एवढंच हवंय. सध्या ‘लेंग्थ (फिल्टर इव्हन यादी)’ लिहितोय, म्हणजे फिल्टरने सम घटक निवडून लेंग्थने ते मोजतोय. यात मधली यादी तयार होऊन मेमरी वाया जाते का? आणि ‘मोज = लेंग्थ . फिल्टर’ लिहिलं की फोल्डेबलचा (ज्यांचे घटक एकेक करून मोजता-जोडता येतात अशा प्रकारांच्या गटाचा) इन्स्टन्स नाही अशी एरर येते, ती का?

उत्तर 1:
आहे तेच ठेवा, वाचताक्षणी अर्थ कळतो. हॅस्केल लेझी आहे, म्हणजे गरज पडेल तेव्हाच हिशोब करतं: फिल्टर एकेक घटक पुढे देतो, लेंग्थ तो मोजून सोडते आणि गार्बेज कलेक्टर (नको झालेली मेमरी मोकळी करणारा) मागून साफ करत येतो. जीएचसी या हॅस्केल कंपायलरमध्ये ‘-ओ’ फ्लॅग लावला की फ्यूजनमुळे (दोन टप्पे एकाच फेरीत जोडल्यामुळे) मधली यादी बहुधा बनतच नाही.

मेमरी चढते ती गाळलेल्या यादीला लेटने नाव देऊन आधी लेंग्थ आणि मग बेरीज काढल्यावर. दुसरा हिशोब होईपर्यंत अख्खी यादी धरून ठेवावी लागते. तिथे एकाच फोल्डएल-प्राइममध्ये (यादीतून डावीकडून जात निकाल साठवत नेणारं फंक्शन) संख्या आणि बेरीज दोन्ही काढा. पण अॅक्युम्युलेटर (साठत जाणारा निकाल) साधी जोडी असेल तर फोल्डएल-प्राइम फक्त बाहेरची जोडी उलगडतो, आत थंक (न केलेले हिशोब) साचतच राहतात. दोन्ही घटकांवर बँग पॅटर्न (लगेच हिशोब करायला लावणारी खूण) लावा.

उत्तर 2:
एररचं कारण: फिल्टरला दोन आर्ग्युमेंट लागतात, आणि टिंब (दोन फंक्शन जोडणारं चिन्ह) त्यातलं पहिलंच पुरवतं. ‘फिल्टर प’ (प म्हणजे अट) अजून फंक्शनच आहे, म्हणजे लेंग्थच्या हाती यादीऐवजी फंक्शन पडतं. ‘मोज प = लेंग्थ . फिल्टर प’ लिहा. ‘(लेंग्थ .) . फिल्टर’सुद्धा चालतं, पण सहकाऱ्यांना त्याचा उलगडा करत बसायला लावू नका.

उत्तर 3:
फिल्टरऐवजी पार्टिशन (अटीत बसणारे आणि न बसणारे अशा दोन याद्यांची जोडी देणारं) वापरून त्यावर थेट लेंग्थ लावू नका. उत्तर कायम 1 येतं, कारण जोडीही फोल्डेबल आहे आणि तिचा दुसराच घटक तेवढा मोजला जातो. कंपायलर मुकाट्याने पास करतो, म्हणून हे फार घातक.

‘किमान 3 आहेत का’ एवढंच विचारायचं असेल तर मोजूच नका. ‘नॉट . नल . ड्रॉप 2 . फिल्टर प’ तिसरा सापडताच थांबतं. लेंग्थ अनंत यादीवर कधीच परतणार नाही.

दुसऱ्या भाषांपैकी ओकॅमलमध्ये मात्र फिल्टर खरोखर नवी यादी बांधतो, तिथे फोल्ड-लेफ्ट बरा. स्कालात यादीवर काउंट आणि इलिक्सरमध्ये ईनम डॉट काउंट अट थेट घेतात. एफ शार्पमधलं काउंट-बाय वेगळं: ते प्रत्येक कीगणिक संख्या देतं.