तुंबलेला बाथटब आणि गुंतवळ : आपापले अनुभव

न्यू जर्सी
आमच्या भाड्याच्या अपार्टमेंटमधला बाथटब महिनाभर तुंबत होता. आंघोळ संपेपर्यंत पाणी घोट्यापर्यंत चढे आणि उतरायला अर्धा तास लागे. बेकिंग सोडा आणि व्हिनेगर ओतून पाहिले. फेस भरपूर आला, निचरा मात्र तसाच राहिला, कारण आम्ल आणि अल्कली एकमेकांना निष्प्रभ करतात; शाळेत हे शिकूनही फेस दिसला की माणूस भुलतो. रबरी पंपाचाही उपयोग होईना. जादा पाणी निघून जाण्यासाठी टबाच्या वरच्या अंगाला जे भोक असते, त्यातून सगळा दाब निसटत होता. त्यावर ओले फडके घट्ट दाबून धरल्यावर पाणी जरा हलले. अखेर बूच फिरवून काढले, आत काटेरी प्लास्टिकची पट्टी सारली आणि साबणाने राखाडी झालेला वीतभर गुंतवळ बाहेर आला. आपणही हे निस्तरले असेल, तर काय साधले आणि काय फसले, दोन्ही लिहावे.

शिकागो
आमच्याकडे पट्टी पुरली नाही. लवचीक तारेची स्प्रिंग आणून ती खालच्या भोकातून घालण्याचा मी तासभर हट्ट धरला, परंतु तिथे पाइप लगेच काटकोनात वळत असल्याने ती पुढे सरकेना. वरच्या भोकावरील चकतीचे दोन स्क्रू काढल्यावर तिच्यामागची दांडी, तिच्या टोकाचे पितळी वजन आणि त्याला लगडलेले केस असा सगळा पसारा वर आला. तिथून स्प्रिंग सरळ खाली जाऊन ट्रॅपच्या, म्हणजे थोडे पाणी साचून राहते त्या पाइपच्या, वळणापर्यंत पोहोचली आणि मूठ फिरवत राहिल्यावर पाणी एकदम गडगडत गेले.

लंडन
माझा अनुभव शहाणपणाचा नाही. मी कॉस्टिक सोड्याचे द्रावण ओतले, तासाभराने वर दुसऱ्या प्रकारचे क्लीनर ओतण्याच्या बेतात होतो. पत्नीने बाटलीवरील सूचना वाचून हात धरला. आम्ल आणि कॉस्टिक एकत्र आले की द्रावण उसळून अंगावर येऊ शकते. मग मी त्याच पाण्यात पंप चालवला आणि उडालेल्या थेंबांनी मनगट भाजले. प्लंबर आल्यावर आत काय ओतले आहे, हे त्याला आधी सांगितले; एवढे एकच मी नीट केले.

पुणे
आमच्याकडे टब नाही, न्हाणीच्या फरशीत बसवलेला जाळीचा नहाणी ट्रॅप आहे. दुखणे मात्र तेच. खोबरेल तेल, शिकेकाई, लांब केस आणि बोअरवेलचे जड पाणी यांचा असा घट्ट थर बसतो की जाळी स्वच्छ दिसूनही पाणी थांबते. जाळीखालची वाटी काढून धुतली की बहुतेक वेळा काम होते. पूर्वीच्या भाडेकरूने पाणी वेगाने जावे म्हणून ती वाटी कायमची काढून टाकली होती. ट्रॅपमध्ये साचून राहणारे पाणी हाच दुर्गंधीचा बांध असतो, आणि वाटीविना तो राहिला नव्हता. त्यामुळे आम्ही राहायला आलो तेव्हा पाणी झरझर जात होते, पण घरभर गटाराचा वास आणि रात्री झुरळे.

ठाणे, तळमजला
आम्ही आठवडाभर केस शोधत होतो. वरच्या घरातील वॉशिंग मशीनचे पाणी सुटले की आमच्या न्हाणीत फेस वर येतो आणि कमोडही गुरगुरतो, हे आईच्या लक्षात आले. तुंबली होती सामायिक वाहिनी. सोसायटीने चेंबर उघडून ती साफ करून घेतली.