पदकं अभ्यासकाला देण्याआधी पॉलिश करावीत का?

प्रश्न: पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश पदकांची जोडी इतिहास-अभ्यासकाला दाखवायची आहे. आधी चकचकीत करू का? आणि त्यातलं एकच विकलं तर चालेल?

उत्तर १: पॉलिश अजिबात नको. पदकाच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठशाने ठोकलेली असते; घासून अक्षरं झिजतात. १९४० च्या बॉम्बहल्ल्यात लंडनमधली या महायुद्धातल्या सैनिकांची बहुतांश सेवा-कागदपत्रं जळाली, त्यामुळे कधीकधी ही कडच मोठा पुरावा ठरते. तिरप्या उजेडात, शेजारी मोजपट्टी ठेवून पूर्ण कडेचे फोटो काढा.

उत्तर २: जोडी फोडू नका! संग्राहक पदकं सुटी विकतात, अभ्यासकाला ती एकत्र हवी असतात; दोघांचं खरं भांडण इथेच आहे. विकायचंच असेल तर आधी दोन्हींचे फोटो आणि कुणाकडून, केव्हा घेतलं याची नोंद अभ्यासकाला द्या. तुमचा पत्ता गुप्त ठेवायची अट घालता येते.

उत्तर ३: व्यासही व्हर्नियरने (बारीक माप घेणाऱ्या कॅलिपरने) मोजा. जोडीतलं चांदीचं ब्रिटिश वॉर मेडल साधारण ३६ मिमी असतं. जुनं नाव घासून नवं ठोकलं असेल तर व्यास कमी भरतो. पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नका, त्यातल्या आम्लाने धातूवर हिरवा चिकट थर चढतो.