खडपावर (समुद्रकाठच्या खडकाळ पट्ट्यावर) चौकट टाकून मोजणी: माप केवढं, वेळ कोणती?

ओहोटीपट्टा: एमएस्सीच्या प्रकल्पासाठी रत्नागिरीजवळच्या एका खडपावरचे जीव मोजायचे आहेत. वरच्या कातळसड्यावरही (जांभ्याच्या सपाट माळावरही) तीच पद्धत, म्हणजे ठरावीक मापाची चौकट जमिनीवर ठेवून आतले जीव मोजायची, वापरून तुलना करावी म्हणतो. चौकट केवढी, किती वेळा टाकायची आणि ओहोटी कशी गाठायची?

भरतीसुकती: आधी वेळ बसवा. कोकणातला जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. द्वितीयेला दीड वाजता भरती, त्यानंतर सहा तासांनी म्हणजे सकाळी साडेसातच्या आसपास ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला ती पहाटे पाच-साडेपाचला येते, अंधारात मोजणी होत नाही. म्हणून द्वितीया-तृतीया धरा. उधाणाचा जोर तेव्हाही असतो. नेमकी वेळ आणि उंची सर्व्हे ऑफ इंडियाच्या तक्त्यात बघा. दीड तास आधी पोचून पाण्यामागोमाग खाली उतरा, तळचा पट्टा शेवटी. पाणी फिरलं की निघायचं, एखादी चौकट राहिली तरी.

कालवंखुबे: चौकट घरीच होते. अर्धा इंची पीव्हीसी पाईप, 4 एल्बो (कोपऱ्याचे जोड), आतलं माप 50 सेंमी. दर 10 सेंमीला आरपार भोक पाडून नायलॉन दोरी ओवा: 4 उभ्या, 4 आडव्या, 25 घरं. एका घराचे 4 टक्के. भोकं दोरीपेक्षा मोठी ठेवा. पाईपात पाणी शिरलं नाही तर चौकट डबक्यात तरंगते.

शेवाळ आणि कालवं टक्क्यांत, गोगलगायी नगांत. बार्नेकल (खडकाला चिकटलेले छोटे कवचधारी जीव) एकाच घरात मोजा, सगळ्या चौकटीत शेकड्यांनी निघतात. पळणारे खेकडे सर्वात आधी टिपा, मग शेवाळ बाजूला सारून खालचं बघा. थरांमुळे बेरीज शंभरावर गेली तर ती चूक नव्हे.

सडेकरी: खरी अडचण तुलनेत आहे. एकाच खडपावर 30 चौकटी टाकल्या तरी जागा एकच राहते, परीक्षक पहिलं तेच विचारतील. 3 खडपं, प्रत्येकी 3 पट्टे, पट्ट्यात 5 चौकटी, अशा 45 करा. जागा यादृच्छिक आकड्यांनी ठरवा. हाताने फेकलेली चौकट जिथे जीव जास्त दिसतात तिथेच पडते.

पट्टे पाण्यापासूनच्या अंतरावर आखू नका, उंचीवर आखा. उंची मोजायला पाणी भरलेली पारदर्शक नळी आणि दोन मोजपट्ट्या पुरतात, फक्त नळीत बुडबुडा राहू देऊ नका.

सड्यावरची फुलं ऑगस्ट-सप्टेंबरात, तेव्हा खडपावर लाटांमुळे जाता येत नाही. ऋतूच वेगळे, मग प्रजातींचे आकडे शेजारी ठेवून काय कळणार? सड्यासाठी 1 मीटरची चौकट घ्या आणि प्रश्न वेगळा ठेवा: पाणी साचण्याच्या खोलीनुसार काय बदलतं? सीतेच्या आसवांची (सड्यावर दाटीने उगवणाऱ्या इवल्या फुलझाडाची) रोपं सुटी मोजता येत नाहीत, तिथे किती घरांत दिसली तेवढंच लिहा.

कालवंखुबे: प्रवाळ आणि समुद्रकाकडी वन्यजीव कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये आहेत, फोटोच घ्या. मालवणच्या अभयारण्यात काम असेल तर वनखात्याची परवानगी आधी. आणि उलटलेला दगड होता तसाच ठेवा. खालची बाजू उन्हात राहिली तर तिथले स्पंज त्याच ओहोटीत मरतात.